पीसी म्हातारा झालाय? थांबा जरा!

आमच्या कामठीच्या घरातला डेस्कटॉप २०१४चा. बटण दाबायचं, चहा करायचा, पिऊन कप विसळायचा, तेव्हा कुठे आयकॉन्स उमटणार! त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ तर याला चालणारच नव्हतं; त्याला टीपीएम २.० ही सिक्युरिटीची सोय लागते.

"भंगारात दे ना बे!" मित्राचा सल्ला. पण त्यात बाबांनी रात्री जागून स्कॅन केलेले आजीचे फोटो होते. बाबा आता नाहीत. दुसरी कॉपी? नव्हतीच! तेव्हा आधी सगळे फोटो एक्स्टर्नल डिस्कवर घेतले. तुमची हार्ड डिस्क करकरायला लागली असेल, तर बाकी सगळं सोडून हेच करा.

मग प्लग काढून कॅबिनेट उघडलं. फॅनवर धुळीची गोधडी! आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात, आणि प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग कमी करतो. धूळ ब्रशनं झाडली.

खरी जादू मात्र एसएसडीची. जुन्या डिस्कमध्ये तबकडी गरगरते नि हेड फाइल शोधत फिरतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. सीताबर्डीहून २४० जीबीची आणली, रॅम ४ची ८ केली, वर फुकटातलं लिनक्स मिंट. गेम्स, व्हिडिओ एडिटिंग विसरा. मेल, बँक, यूट्यूब झकास.

आता आई आधी पीसी लावते, मग गॅस. चहाला उकळी येईपर्यंत तिचे निम्मे फोटो बघून झालेले असतात.