भिंतीवरील छायाचित्राची निवड

राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला, आणि तैलचित्रांच्या छापील प्रती सामान्य गृहस्थाच्या माजघरांत आल्या. छायाचित्रास मात्र तो मान आमच्या पाथर्डीकडे अजून मिळावयाचा आहे. छायाचित्र म्हटलें कीं दिवंगत वडिलांची हार घातलेली तसबीरच डोळ्यांसमोर येते. ती काढावी असें मी म्हणत नाहीं. ती भिंत पितरांचीच. पण मढीच्या गडावरील कानिफनाथांच्या समाधिमंदिराचें, किंवा वृद्धेश्वराजवळ गर्भगिरीच्या डोंगरांवर उतरलेल्या आषाढमेघांचें कृष्णधवल चित्र बैठकीस केवढी शोभा देईल!

भिंतीच्या रंगाशीं जुळतें म्हणून चित्र घेणें मला मान्य नाहीं. रंग चार दिवाळ्यांत बदलतो. चित्र नातवंडांपर्यंत राहावयाचें असतें. याकरितां कागद आम्लरहित सुती आहे ना, शाई रंगद्रव्याची आहे ना, हें विक्रेत्यास विचारावें. काच चित्रास चिकटूं नये म्हणून मध्यें पुठ्ठ्याची चौकट असावी. पश्चिमेच्या उन्हासमोर अथवा ओल धरणाऱ्या भिंतीवर तें टांगूं नये. खरेदीपूर्वीं त्याची साधी प्रत आठ दिवस भिंतीस लावून पाहावी. आजींना व नातसुनेला, दोघींनाही, ती नवव्या दिवशीं पाहावीशी वाटली, तर पैसे मोजावेत.