चौथीतला मास्तर, दुसरीतला विद्यार्थी

‘यंदा वाचन आणि गणितासाठी मुलांना एकमेकांना शिकवायला बसवणार आहोत’ असं बाईंनी पालकसभेत सांगितलं की दोन प्रश्न हमखास येतात. मग बाई काय करणार? आणि माझ्या मुलाचा अभ्यास कधी होणार? प्रश्न रास्त आहेत. त्यांच्या मागची समजूत मात्र बऱ्याचदा ऐकीव असते.

‘शिक्षक कमी, म्हणून ही पळवाट’

या समजुतीला इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या एग्मोर भागात सैनिकांच्या अनाथ मुलांची एक शाळा होती. अँड्र्यू बेल नावाचे पाद्री तिचे अधीक्षक. स्थानिक शाळेतली मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली आणि ती रीत आपल्याकडे आणायचं ठरवलं. शाळेतल्या मोठ्या शिक्षकांनी काही ते मनावर घेतलं नाही. तेव्हा बेलनी आठेक वर्षांच्या एका मुलाकडे लहानांना अक्षरं शिकवायचं काम दिलं, आणि ते त्याला जमलं. म्हणजे सुरुवात झाली ती शिक्षक नव्हते म्हणून नव्हे, ते ऐकत नव्हते म्हणून! बेलनी या प्रयोगाचा वृत्तांत १७९७ मध्ये लंडनला छापला. तिथेच १७९८ मध्ये शाळा काढणाऱ्या जोसेफ लँकेस्टर यांनी अशाच पद्धतीचा कारखाना केला: मास्तर एक, मुलं शेकडो, मधे मॉनिटर. खर्च कमी, घोकंपट्टी भरपूर. १८२०च्या दशकात ती मुंबईतही पोचली. पळवाटीचा आरोप त्या व्यवस्थेला लागू होतो.

आज जे करायला सांगितलं जातं ते वेगळं आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुलांनी मुलांना शिकवण्याचा उल्लेख आहे, पण स्वेच्छेने आणि प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली. जोड्या लावणं, प्रत्येक जोडीला झेपेल असा मजकूर देणं, वर्गभर फिरून कानोसा घेणं, हे सगळं बाईंकडेच. त्यांचं काम यात वाढतं.

‘हुशार मुलाचं नुकसान होतं’

पालकांची खरी धास्ती ही. पीटर कोहेन, जेम्स कुलिक आणि चेन-लिन कुलिक या संशोधकांनी १९८२ मध्ये अशा ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. शिकणाऱ्यांची प्रगती झालीच, शिकवणाऱ्या मुलांचीही त्या विषयातली समज वाढली. मात्र नुसतं शेजारी बसवलं म्हणून असं होत नाही. रॉड रॉस्को आणि मिशेलिन ची यांनी २००७ मध्ये या विषयावरच्या संशोधनाची छाननी केली, तेव्हा दिसलं की बरीच मुलं स्वतःला ठाऊक असलेलं फक्त ओतून मोकळी होतात. त्यातून त्यांना फारसं काही मिळत नाही. फायदा होतो तो समजावताना स्वतःलाच अडखळावं लागतं तेव्हा.

५२ मधून २७ वजा करायचे आहेत. चौथीतली मुलगी म्हणाली, ‘दोनातून सात जात नाहीत, शेजारून एक घे,’ की दुसरीतला मुलगा घेतो. उत्तर बरोबर येतं आणि दोघंही जिथल्या तिथे राहतात. पण त्याने विचारलं, ‘एकच घेतला, मग दोनाचे बारा कसे झाले?’ तर तिला दहा काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवावा लागतो. घेतलेला ‘एक’ हा एक नसून एक दशक आहे, हे सांगताना तिचंही पक्कं होतं. कदाचित तिलाही ते तेव्हाच पहिल्यांदा उमगत असेल. म्हणून शिकवणाऱ्या मुलांना आधी तयार करावं लागतं: उत्तर सांगू नकोस, ‘कसं केलंस?’ असं विचार.

‘मूल चुकीचंच शिकवेल’

मोकळं सोडलं तर शिकवेलही. म्हणून ठरलेली रीत लागते. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या कीथ टॉपिंग यांनी प्रसार केलेलं जोडीवाचन पाहा. दोघं एकाच पुस्तकातून एकदम मोठ्याने वाचतात. लहानाला एकट्याने वाचावंसं वाटलं की तो ठरलेली खूण करतो आणि मोठा गप्प होतो. लहान अडला तर मोठ्याने चार-पाच सेकंद थांबायचं, तरीही जमलं नाही तर शब्द नीट उच्चारायचा, लहानाने तो पुन्हा म्हणायचा, आणि मग पुढे दोघं मिळून. ‘कर्तव्य’ला अडला म्हणून रफार आणि जोडाक्षर यांवर व्याख्यान देणं मोठ्याचं काम नाही; ते बाईंचं. गणितात उत्तरं तपासायला छापील कार्ड जवळ असलं की काम भागतं.

‘पहिला नंबर शेवटच्या नंबराजवळ बसवा’

असं केलं की एक कंटाळतो आणि दुसरा ओशाळतो. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या डग्लस आणि लिन फुक्स यांनी बसवलेल्या पद्धतीत तीस मुलांची यादी वाचनाच्या पातळीनुसार करून मधोमध तोडतात: पहिला सोळाव्याबरोबर, दुसरा सतराव्याबरोबर, पंधरावा तिसाव्याबरोबर. अंतर असतं, पण दरी नसते. आधी चांगलं वाचणारा वाचतो, मग तोच उतारा दुसरा. पुढे भूमिका बदलतात आणि काही आठवड्यांनी जोड्याही.

या पद्धतीचे भक्त दुसऱ्या टोकाला जातात, तेही सांगायला हवं. स्कॉटलंडमधल्या फाइफ भागात १२९ प्राथमिक शाळांमध्ये मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले: वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला शिकवलं तिथे वाचन-गणितात फायदा दिसला, एकाच वर्गातल्या जोड्यांत तसा दिसला नाही. इंग्लंडमध्ये तर ८२ शाळांमधल्या गणिताच्या चाचणीत मोठ्यांनी लहानांना शिकवूनही नेहमीच्या वर्गांपेक्षा काहीच जास्त पदरात पडलं नाही. तो अहवाल २०१५चा. तेव्हा ‘हमखास’ हा शब्द इथे वापरू नये.

आपल्याकडच्या दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळांमध्ये चौथी आणि दुसरी बऱ्याचदा एकाच खोलीत बसतात. वेगळ्या वयाच्या जोड्या तिथे आयत्याच मिळतात. शिवाय गरजही आहे. ‘असर’च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या शंभरपैकी साधारण २७ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला.

अशा शाळांत चौथी-पाचवीचं वाचनात मागे राहिलेलं मूलही मास्तर होऊ शकतं, हे फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही. त्याला दुसरीचं पुस्तक हातात घ्यायची लाज वाटते. पण धाकट्याला वाचून दाखवायचं म्हटलं की तेच पुस्तक तो आदल्या दिवशी तीनदा वाचून येतो. पालकसभेत प्रश्न विचारायचाच, तर हा विचारावा: वर्षभर शिकवणारी मुलं तीच ती चार आहेत, की इतरांचीही पाळी येते?