जीपमधली बारीक केबल

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने केबलवर लेख लिहावा, हे पाहून विज्ञान शाखेतले मित्र हसतील. हसोत बापडे! मला मात्र हा धडा पुस्तकातून नव्हे, घाटातल्या पावसात मिळाला आहे.

परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळवला आणि मामांच्या जीपवर अँटेना बसवली. आम्ही बोलतो ते १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. दुकानदाराने दोन केबली दाखवल्या : आरजी-५८, जाडी सुमारे ५ मिलिमीटर आणि आरजी-१७४, जाडी सुमारे २.८ मिलिमीटर. दोन्ही ५० ओहमच्या, म्हणजे रेडिओला चालणाऱ्या. बारीक केबल दाराच्या फटीतून सहज जाते, म्हणून मी तीच ५ मीटर घेतली. उरलेल्या भागाचे वेटोळे करून सीटखाली सारले.

गेल्या पावसाळ्यात एक मित्र दरीत घसरला. त्याला वर काढायला दोर आणि माणसे हवी होती. मोबाइलला रेंज नाही. पायथ्याच्या गावातल्या रेडिओमित्राला मी हाका मारत राहिलो. त्याला तुटक शब्दांपलीकडे काही ऐकू जाईना. शेवटी जीप खाली न्यावी लागली. तोवर दोन तास मित्र पावसात पडून होता. आज तो धडधाकट आहे, हे आमचे भाग्य.

मी रेडिओला दोष देत होतो. दोष केबलचा निघाला. दाराने ती रोज चेपली जाऊन आतली जाळी तुटत आली होती. शिवाय गळती होतीच. या केबलीत मधोमध तार, भोवती निरोधक, त्यावर तारांची जाळी आणि वर वेष्टन असते. उच्च कंपनांचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो. तार बारीक, तर पृष्ठभाग कमी, रोध जास्त आणि शक्तीची उष्णता होते. १४५ मेगाहर्ट्झवर ५ मीटर आरजी-१७४ मध्ये सुमारे एकतृतीयांश शक्ती वाटेतच संपते. आरजी-५८ मध्ये साधारण पाचवा हिस्सा. येणारा आवाजही तितकाच क्षीण होतो. ४३५ मेगाहर्ट्झवर तर बारीक केबल निम्म्याहून अधिक गिळते.

मग बारीक केबल टाकाऊ का? मुळीच नाही. फटीपुरती फूटभर वापरली, तर शंभरातले दोन-तीन भागच जातात. म्हणून आता फटीत फूटभर बारीक आणि पुढे आरजी-५८, अशी जोडणी मी केली आहे. केबल लागेल तेवढीच कापली, दाराच्या रबराखालून सैल वळण देऊन नेली आणि सांध्यांत पाणी शिरणार नाही असे पाहिले. इंजिनाजवळून न्यायची असेल, तर टेफ्लॉनचा निरोधक असलेली आरजी-३१६ बरी. ती उष्णता सोसते. गळती मात्र तिच्यातही आरजी-१७४ च्या जवळपासच.

२००१ च्या भूज भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी निरोप पोहोचवले होते. अशा वेळी माणूस आणि मदत यांच्यामध्ये हीच एक केबल असते. ती निवडताना मी फक्त फट पाहिली होती. मित्रहो, तुम्ही अंतरही पाहा.