झांबियातले दिवे का विझले?

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात झांबिया नावाचा देश आहे. तिथे सुमारे 2 कोटी लोक राहतात. पूर्वी तिथे इंग्रजांचे राज्य होते. 1964 साली देश स्वतंत्र झाला. या देशाच्या सीमेवरून झांबेझी नावाची मोठी नदी वाहते. तिच्यावर करिबा हे धरण आहे. या धरणाची आणि विजेची हकिगत आम्ही इथे सांगणार आहोत.

करिबा धरण 1955 ते 1959 या काळात बांधले. भिंत 128 मीटर उंच, म्हणजे चाळीस मजल्यांएवढी! भिंतीमागे सुमारे 280 किलोमीटर लांब पाणी साठले. मुंबईहून निघावे आणि साताऱ्याच्याही पुढे जावे, एवढे ते लांब.

या नदीकाठी टोंगा लोक राहत. पूर ओसरला की गाळाच्या जमिनीत ते पेरणी करीत. धरणासाठी सुमारे 57 हजार लोकांना घरदार सोडावे लागले. 1958 साली काही लोक हलायला तयार झाले नाहीत. तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला. 8 माणसे मेली. पुढे शेते बुडाली, वाडवडिलांची थडगीही बुडाली.

वीज मात्र गेली तांब्याच्या खाणींना आणि शहरांना. ज्यांनी जमीन दिली, त्यांच्या कित्येक गावांत अजूनही वीज नाही.

आता वीज होते कशी, ते पाहू. आपल्या कोयनेला होते तशीच. उंचावरचे पाणी जोराने खाली सोडतात. त्याने मोठी चाके फिरतात आणि वीज तयार होते. पण यात एक मेख आहे. रांजणाला तोटी असते ना? तोटीच्या खाली पाणी असलं, तरी तोटीतून थेंब येत नाही. करिबाचंही तसंच आहे. वरचे सुमारे 13 मीटर पाणीच विजेच्या कामाचे. पातळी त्याखाली गेली की समोर समुद्राएवढे पाणी दिसते, पण चाक फिरत नाही.

2024 साली जवळपास हीच वेळ आली. पाऊस पडला नाही. मक्याची पिके करपली. फेब्रुवारीच्या अखेरीस सरकारने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. झांबियाची बहुतेक वीज पाण्यापासून होते. त्यामुळे धरण आटले आणि दिवे गेले. राजधानी लुसाकातही पुष्कळ घरांत दिवसाला जेमतेम 3 तास वीज येई. पिठाच्या गिरण्या थांबल्या. शिंप्याचं मशीन थांबलं. वेल्डिंगवाल्याचा रोजगार बुडाला.

मग स्वयंपाक कशावर करायचा? कोळशाच्या शेगडीवर. हा कोळसा लाकडाचा. झाडे तोडायची, लाकडे रचायची, वर माती लिंपायची आणि आत धुमसत ठेवायची, असा तो करतात. वीज गेली की कोळशाला गिऱ्हाईक वाढते. गिऱ्हाईक वाढले की रान तुटते. कोळसा विकणाऱ्यालाही पोट आहेच. त्याला नुसता दोष देऊन काय होणार?

हा दुष्काळ का पडला? मुख्य कारण ‘एल निनो’. प्रशांत महासागराचे पाणी काही वर्षांनी नेहमीपेक्षा जास्त तापते. तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या भागात पाऊस दगा देतो. आपल्याकडचा पाऊसही त्यामुळे पुष्कळदा बिघडतो. हे पूर्वीपासून चालत आले आहे. पण आता त्यात भर पडते आहे. दगडी कोळसा आणि तेल जाळून जो वायू हवेत जातो, तो पृथ्वीभोवती गोधडीसारखा बसतो. गोधडी जाड होते, तशी पृथ्वी तापते. उन्हाने जमिनीतली ओल लवकर उडते. दक्षिण आफ्रिकेच्या भागात यापुढे कोरडी वर्षे जास्त येतील, असे शास्त्रज्ञ सांगतात.

ही गोधडी विणली कोणी? जगातल्या दर सहा माणसांत एकाहून अधिक आफ्रिकेत राहतात. पण कोळसा आणि तेल जाळून होणाऱ्या वायूत साऱ्या आफ्रिकेचा वाटा शंभरात चारही नाही. त्या खंडात सुमारे 60 कोटी लोकांच्या घरी वीजच नाही. धूर एकाचा, डोळे चुरचुरतात दुसऱ्याचे!

म्हणून ‘तुम्ही अंधारातच राहा, म्हणजे हवा चांगली राहील,’ असे त्यांना कोणी सांगू नये. दवाखान्यात लस थंड ठेवायला वीज लागते. पाणी उपसायला लागते. मुलांना रात्री वाचायला लागते.

मग उपाय काय? सारा भार एका नदीवर टाकायचा नाही. पाऊस नसला तरी ऊन असतेच. 2025 साली झांबियात चिसांबा येथे 100 मेगावॉटचे सौर वीज केंद्र सुरू झाले. करिबाच्या झांबियाकडील केंद्राची ताकद 1,080 मेगावॉट आहे. त्यापुढे हे लहानच. पण दिवसा उन्हावर वीज केली, तर धरणातले पाणी रात्रीसाठी वाचते. दूरच्या गावांत लांब तारा नेण्यापेक्षा गावातच सौर पाट्या बसवणे पुष्कळदा सोपे पडते.

याला पैसा लागतो, तो गरीब देशाजवळ थोडा. ज्या श्रीमंत देशांनी जास्त धूर केला, त्यांनी इथे हात द्यावा, ही मागणी आम्हाला रास्त वाटते. ही भीक नव्हे, देणे आहे. आणि नवी वीज आली, की पहिल्या तारा धरणाकाठच्या टोंगा गावांत गेल्या पाहिजेत. त्यांनी आपली किंमत केव्हाच मोजली आहे.