शेवटच्या बाकावरचा पैलवान

साडेदहाच्या तासाला तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि दहा मिनिटांत त्याचे डोळे मिटायचे. दोनदा मी त्याला वर्गाबाहेर काढलं. मग एके दिवशी पहाटे साडेचारला त्याच्या तालमीत जाऊन बसलो.

पोरं फावड्यानं हौद्यातली लाल माती उकरत होती. तेल, ताक, हळद, लिंबू जिरलेल्या मातीचा तो वास मला ओळखीचा वाटला. वर्गात त्याच्या बाकाजवळून जाताना हाच यायचा. जोर झाले, बैठका झाल्या, मग वस्तादांसमोर लढत. जोडीदारानं खाली दाबलं की हा मान ताठ करून कोपरांवर सरकत निसटायचा, पुन्हा सापडायचा, पुन्हा निसटायचा. तासभर हेच. मेहनत संपल्यावर थंडाई घोटणं आणि पाळी असेल त्यानं स्वयंपाक करणं. जेवण झालं की पैलवानानं झोपायचं, कारण अंग त्या झोपेतच भरतं. नेमका तेव्हाच माझा कॉस्ट अकाउंटिंगचा तास, आणि 75 टक्के हजेरीची अट.

पोरांना वेळेचं नियोजन जमत नाही, असं आम्ही शिक्षक सहज बोलून जातो. वेळ तो मिनिटामिनिटानं वापरतो. अडतं ते शरीरापाशी. त्याचा पेपर तपासताना पहिली दोन पानं नीट असतात, तिसऱ्यापासून अक्षर कलंडतं. कुस्तीत पकड सोडवताना बोटं मुरगळतात. त्याची तर्जनी पेरापाशी कायम सुजलेली, मधल्या बोटाला चिकटपट्टी. "सर, येतंय सगळं, हात चालंना," असं तो म्हणायचा. मला ती सबब वाटायची. विद्यापीठाची कुस्ती मॅटवर, म्हणून संध्याकाळी तिथला सराव वेगळा. स्पर्धेआधी वजन उतरवायला पाणीही मोजून प्यायचं, आणि त्याच आठवड्यात अंतर्गत परीक्षा. पदक आलं की ते कॉलेजचं, गैरहजेरी मात्र त्याची एकट्याची. हे मला फार लागतं.

आणि हे कोल्हापुरात! 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव इथल्याच राजाराम कॉलेजात शिकलेले. त्यांना पाठवता यावं म्हणून प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. त्याच गावात एका पोराच्या फेरपरीक्षेसाठी मी तीन वेळा अर्ज घेऊन फिरलो.

हल्ली तो झोपून उठला की दुपारी तीनला आम्ही तालमीच्या कट्ट्यावर बसतो. प्रक्रिया परिव्ययाचं गणित तो तोंडी सोडवतो, मी उतरवून घेतो. शेवटचं एक तो स्वतः लिहितो, सावकाश, मध्येमध्ये बोटं मोकळी करत. चार वाजले की नवी चिकटपट्टी गुंडाळून मॅटकडं निघतो. वही माझ्याजवळ राहते.