प्रोमोतोरा : दारातली आरोग्यसेविका

टेक्सासमध्ये मेक्सिकोच्या सीमेलगत ‘कोलोनिया’ नावाच्या वस्त्या आहेत. कित्येक ठिकाणी पक्के रस्ते नाहीत, सांडपाण्याची सोय नाही. तिथं डॉक्टरआधी दारात येते ती प्रोमोतोरा : बहुधा त्याच वस्तीतली, स्पॅनिश बोलणारी आरोग्यसेविका. मधुमेही आजींशी ती साखरेच्या आकड्यांआधी ताटातल्या तोर्तियांबद्दल बोलते. दवाखान्याचं इंग्रजी पत्र वाचून दाखवते.

आपल्या आशाताईंची आठवण यावी असं हे काम. मोबदल्याचं दुखणंही तसंच! प्रकल्पाचं अनुदान संपलं की प्रोमोतोराची नोकरीही संपते.

त्यावर उपाय सुरू झाले, पण सावकाश. टेक्सासनं १९९९ मध्ये कायदा करून प्रमाणपत्राची वाट काढली. अभ्यासक्रम १६० तासांचा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२२ पासून ‘मेडी-कॅल’ या सरकारी योजनेतून या सेवेचे पैसे मिळू लागले. २०२४ पासून प्रामुख्याने ज्येष्ठांसाठी असलेल्या ‘मेडिकेअर’नंही यातल्या काही कामांचा मोबदला दवाखान्यांना देऊ केला.

कागदाचा आग्रह मात्र फार ताणून चालत नाही. शाळा अर्धवट सुटलेल्या, पण वस्तीची नाडी ओळखणाऱ्या बायकाच मग बाहेर राहतात. टेक्सासनं प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावरही प्रमाणपत्र देण्याची सोय ठेवली आहे.