घरातला ससा (भाग ५) : पहाटेच्या मऊ लेंड्या

ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. दिवसभर पिंजऱ्यात दिसतात त्या कोरड्या, गोल, वाटाण्याएवढ्या. चुरडल्या तर गवताचा भुसा होतो. दुसऱ्या मऊ, काळपट, चकाकणाऱ्या, द्राक्षांच्या लहानशा घोसासारख्या एकमेकींना चिकटलेल्या आणि उग्र वासाच्या. या दुसऱ्या सहसा जमिनीवर पडतच नाहीत. ससा मान खाली घालून त्या थेट गुदद्वारापाशीच तोंडात घेतो आणि न चावता गिळतो.

नवा ससा आणलेल्या घरात हे पहाटे कुणाच्या तरी नजरेस पडते आणि धास्ती बसते. वाचकांच्या पत्रांतही हीच विचारणा आहे : जंत झाले असतील का, की खाणे कमी पडते आहे? काही घरांत तर सशाला त्यावरून हटकले जाते. म्हणून पेटीत लघवी-लेंड्या करण्याची सवय लावण्याचा ठरलेला भाग पुढच्या आठवड्यावर जात आहे. कोणत्या लेंड्या पेटीत पडायच्या आणि कोणत्या पडायच्याच नाहीत, हे आधी कळलेले बरे.

गवतातले तंतू पचवणारे पाचकरस कोणत्याही सस्तन प्राण्याकडे नाहीत. ते काम सूक्ष्मजीव करतात. गायीच्या पोटात हे आंबवण्याचे काम पचनाच्या सुरुवातीलाच होते, त्यामुळे तयार झालेले सत्त्व पुढे लहान आतड्यात शोषले जाते. सशाची आंबवण्याची पिशवी, म्हणजे अंधनाल, लहान आतड्याच्या शेवटी आहे. सूक्ष्मजीवांनी तिथे प्रथिने आणि ‘ब’ गटातली व ‘के’ ही जीवनसत्त्वे बनवली, तरी ती नीट शोषणारा भाग मागे राहिलेला असतो. निसर्गाने यावर काढलेली तोड म्हणजे तोच माल पुन्हा एकदा तोंडावाटे आत पाठवणे.

त्यासाठी मोठ्या आतड्यात जी निवड चालते, ती सशाच्या शरीरातली सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणावी लागेल. जाडाभरडा तंतू वेगळा काढून कोरड्या लेंडीच्या रूपाने भराभर बाहेर टाकला जातो. बारीक कण आणि द्रव मात्र उलट दिशेने अंधनालेत ढकलले जातात. तिथे आंबलेला ऐवज ठरावीक वेळी, बहुधा रात्री किंवा पहाटे घर शांत असताना, बुळबुळीत आवरण घेऊन बाहेर येतो. या आवरणामुळे गिळलेली मऊ लेंडी जठरातल्या आम्लापासून काही तास सुरक्षित राहते. मोरो या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ मध्ये या दोन प्रकारच्या लेंड्यांचे वर्णन करून ठेवले आहे.

तेव्हा मऊ लेंडी खाणे हे निरोगी सशाचे लक्षण आहे. ती खाल्लेली न दिसता जमिनीवर तुडवलेली किंवा शेपटीखालच्या केसांना माखलेली दिसू लागली, तर काळजी करावी. बहुतेक वेळा कारण आहारात सापडते : गोळी खाद्य जास्त, वर बिस्किट, पोळीचा तुकडा, केळे. पिष्ट आणि साखर वाढली की मऊ लेंड्या पातळ आणि गरजेपेक्षा जास्त होतात. लठ्ठ सशाची मान तिथवर पोहोचत नाही. दात किंवा पाठ दुखणाराही टाळाटाळ करतो. केस माखलेले राहिले तर उकाड्याच्या दिवसांत माश्या तिथे अंडी घालतात आणि अळ्या पडतात. हा प्रकार जिवावर बेततो, त्यामुळे मागचा भाग रोज पाहावा.

उपाय साधा आहे. आहाराचा मोठा भाग वाळलेले गवत हवे. सशाच्या अंगाएवढा ढीग रोज त्याच्यापुढे असावा. दातांनाही तेच लागते, कारण सशाचे दात आणि दाढा आयुष्यभर वाढतात आणि गवत आडवे रगडूनच झिजतात. चाऱ्याच्या दुकानात मिळणारी लसूण घास पिल्लांना साधारण सहा महिन्यांपर्यंत चालते. प्रौढाला तिच्यातले कॅल्शियम आणि प्रथिने जड होतात. फवारणी न झालेल्या जागची हरळी उत्तम. सोबत कोथिंबीर किंवा मुळ्याचा पाला थोडा द्यावा. चित्रांत सशाच्या हाती हमखास दिसणारे गाजर गोड असते. ते अंगठ्याच्या पेराएवढे, तेही अधूनमधून पुरे.

कोरड्या लेंड्यांकडेही लक्ष असावे. त्या लहान, टणक किंवा केसांनी एकीला एक गुंफलेल्या दिसल्या, तर आतड्याची गती मंदावली आहे असे समजावे. सशाने दहा-बारा तास काहीच खाल्ले नाही आणि लेंडीही टाकली नाही, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा. सशाला उलटी करता येत नाही. आत अडकलेले वरून बाहेर पडत नाही.

घरातली उरलेली औषधे सशाला कधीही पाजू नयेत. माणसांना सर्रास दिली जाणारी अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन आणि क्लिंडामायसिन ही प्रतिजैविके तोंडावाटे दिली गेली, तर अंधनालेतले उपयोगी सूक्ष्मजीव मरतात. त्यांच्या जागी विष तयार करणारे क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू माजतात आणि धडधाकट ससा काही दिवसांत दगावू शकतो. कुत्र्या-मांजरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जाताना, त्यांना सशांचा अनुभव आहे का, हे आधी फोन करून विचारावे.